रोहिणीचे पाणी आणि जगाचे दुःख

अमेरिकन बौद्ध विदुषी जोआना मॅसी यांचे १९ जुलै २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे निधन झाले. त्या ९६ वर्षांच्या होत्या. आपल्या विहारांतून आणि अभ्यासवर्गांतून वाचन करणाऱ्या मराठी वाचकांना हे नाव फारसे परिचयाचे नाही. तथापि पृथ्वीवरील पर्यावरणाच्या विनाशामुळे माणसाच्या मनावर जे दडपण येते आणि त्या दडपणाला तो ज्या रीतीने सामोरा जातो, त्याविषयीच्या आजच्या लेखनात बौद्ध परिभाषा रुजविण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत मॅसींचे स्थान अग्रभागी आहे. धम्माच्या नावाने जगाला एक औषध दिले जात असेल तर ते तपासून पाहणे हे आपले कर्तव्यच ठरते. तथागतांनी कालामांना दुसरे काय सांगितले होते?

मॅसींचा विचार प्रथम समजून घेतला पाहिजे, कारण तो उथळ नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अण्वस्त्रांच्या व अणुकचऱ्याच्या भयाने त्या स्वतःच ग्रासल्या होत्या. ही अवस्था मानसोपचाराच्या चौकटीत बसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन कोणी 'जग नष्ट होईल असे मला वाटते' असे म्हटले की तो त्याचे मूळ बालपणात किंवा संसारात शोधतो. मॅसींचे म्हणणे उलट होते. हे नैराश्य म्हणजे आजार नव्हे, ती जगाच्या स्थितीला मनाने दिलेली यथायोग्य प्रतिक्रिया आहे. आजार आहे तो ते दडपण्यात. हिरोशिमातून वाचलेल्या लोकांचा अभ्यास करणारे रॉबर्ट जे लिफ्टन यांनी ज्या अवस्थेला मनाची बधिरता म्हटले, ती मॅसींना सुखवस्तू अमेरिकन समाजात सर्वत्र दिसली. माणसे वर्तमानपत्र वाचतात, पान उलटतात आणि चहा घेतात. कळलेले असते, पण जाणवू दिलेले नसते.

यावर त्यांनी सामूहिक शिबिरांची एक पद्धत बसविली. १९८३ साली अण्वस्त्रयुगातील नैराश्य व व्यक्तिसामर्थ्य यांवरील त्यांचे पुस्तक निघाले. पुढे या पद्धतीला 'पुन्हा जोडणारे कार्य' असे नाव मिळाले. तिचे चार टप्पे आहेत : प्रथम कृतज्ञता, नंतर जगासाठी वाटणाऱ्या दुःखाचा आदरपूर्वक स्वीकार, मग नव्या दृष्टीने पाहणे आणि शेवटी बाहेर पडणे, म्हणजे कृतीला लागणे. तिसऱ्या टप्प्यावर धम्म येतो. मॅसी नुसत्या शिबिरे घेणाऱ्या बाई नव्हत्या. प्रतीत्यसमुत्पाद आणि आधुनिक प्रणालीविज्ञान यांतील कार्यकारणविचाराची तुलना करणारा त्यांचा १९९१चा ग्रंथ अभ्यासकाला आजही उपयोगी पडावा असा आहे. कोणतीही गोष्ट एकटी उत्पन्न होत नाही. म्हणून तुटत असलेल्या जंगलासाठी माझे मन तुटते, याचा अर्थ मी दुबळा आहे असा होत नाही. मी आणि जंगल वेगळे नाही, याचा तो पुरावा आहे. त्यांच्या सर्व विचाराचा गाभा हा एवढाच आहे.

मानसशास्त्राच्या रूढ मांडणीशी तुलना केली म्हणजे याचे मोल कळते. लॅझरस आणि फोकमन यांनी १९८४ साली संकटाला तोंड देण्याच्या रीतींचे दोन वर्ग केले. एक, संकटाचे कारण दूर करणे. दुसरा, संकटामुळे उठणारी भावना आवरणे. घरास आग लागली तर पहिला वर्ग उपयोगी. असाध्य रोग जडला तर दुसरा. परंतु पृथ्वीचे तापमान वाढते आहे, ही गोष्ट एकट्या माणसाच्या हातची नाही, म्हणून पहिला मार्ग खुंटतो. आणि ती खोटीही नाही, म्हणून मन आवरणे म्हणजे स्वतःस फसविणे ठरते. स्वीडनमधील शाळकरी मुलांचा अभ्यास करताना मारिया ओयाला यांनी २०१२ साली तिसऱ्या मार्गावर भर दिला : संकट न नाकारता त्यात अर्थ शोधणे, इतर माणसांवर विश्वास ठेवणे. मॅसी हेच तीस वर्षे आधी करीत होत्या, आणि ते सामूहिकरीत्या करीत होत्या, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

आता त्यांच्याच लेखनातील एका प्रसंगाकडे वळू. माझ्या मते त्यांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा ही दोन्ही या एका प्रसंगात सापडतात.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. १९९२ साली मॅसी आणि त्यांचे पती फ्रॅन हे रशियाच्या ब्रायन्स्क प्रांतातील नोवोझिब्कोव्ह या गावी गेले. किरणोत्सारी धूळ घेऊन निघालेले ढग मॉस्कोच्या रोखाने जाऊ लागले तेव्हा सरकारने विमानांतून रसायने फवारून ते वाटेतच पाडले, आणि तो पाऊस या भागावर कोसळला, असे मॅसी लिहितात. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या अरण्याच्या आधाराने जगलेले होते. आता त्या अरण्यात पाऊल टाकण्याची सोय उरली नव्हती. शिबिरात लोक प्रथम त्या संकटाविषयी बोलेनात. नंतर बांध फुटला. लोक रडले, आणि रडून झाल्यावर कोणी संतापून विचारले की आम्हाला रडवून तुम्ही काय साधले? मॅसींकडे उत्तर नव्हते, आणि नव्हते हे त्या प्रांजळपणे सांगतात. पुढे त्या लोकांतूनच उत्तर आले. मोकळे वाटले, पुन्हा एकमेकांशी जोडले गेल्यासारखे वाटले, असे त्यांनी सांगितले.

हा प्रसंग वाचताना मन हेलावते, हे मी नाकारणार नाही. पण वाचून झाल्यावर आपल्यासारख्या वाचकाच्या मनात जो पहिला प्रश्न उभा राहतो तो मॅसींच्या विवेचनात मध्यवर्ती होत नाही. ढग मॉस्कोवर न पाडता नोवोझिब्कोव्हवर पाडावेत, हे कोणी ठरविले? एका नगरीचे आरोग्य राखण्यासाठी दुसऱ्या गावाच्या माथी विष मारायचे आणि त्या गावाला विचारायचेही नाही, हा निर्णय प्रतीत्यसमुत्पादाच्या कोणत्या कडीत बसतो? सर्व काही परस्परांशी जोडलेले आहे, हे खरे. पण मॉस्को आणि नोवोझिब्कोव्ह हेही जोडलेलेच होते. ज्यांच्या माथ्यावर पाऊस पाडला जातो ते, आणि ज्यांच्यासाठी तो पाडला जातो ते, यांच्यातील हे जोडलेपण आहे. या देशात अशा जोडलेपणाला एक जुने नाव आहे. गाव आणि गावकुसाबाहेरची वस्ती हीसुद्धा परस्परावलंबीच असतात. गावाला स्वच्छ राहता यावे म्हणून वस्तीने घाण उचलायची, ही परस्परावलंबनाची पक्की व्यवस्था होती. म्हणून 'सर्व जोडलेले आहे' एवढे म्हटल्याने आपल्याला दिलासा मिळत नाही. कसे जोडलेले आहे, वर कोण आणि खाली कोण, हे आपण विचारतो.

किसा गोतमीची कथा येथे आठवते. मेलेले मूल घेऊन फिरणाऱ्या त्या मातेला तथागतांनी ज्या घरी कोणी मेलेले नाही अशा घरून मोहरी आणावयास सांगितले, आणि तसे घर तिला मिळाले नाही. मृत्यू सर्वांना आहे हे तिला त्यातून उमगले. परंतु २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्रीनंतर कोणी किसा गोतमी भोपाळमध्ये फिरली असती आणि ज्या घरी वायूने कोणी मेले नाही अशा घरची मोहरी तिने मागितली असती, तर तिला ती मिळाली असती. युनियन कार्बाईडच्या कारखान्याला लागून असलेल्या गरिबांच्या वस्त्यांत ती मिळाली नसती. दूरच्या, उंचावरच्या वसाहतींत ओंजळ भरून मिळाली असती. जन्म, जरा, मरण यांचे दुःख सर्वांना सारखे आहे. विषाचे दुःख तसे नाही. मॅसींचा दोष मला असा वाटतो की त्या दुसऱ्या प्रकारच्या दुःखाला पहिल्या प्रकारच्या दुःखाचे औषध देतात.

हा भेद आपल्याला सुचतो याचे कारण आपण 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या शाळेत शिकलो आहोत. त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे प्रश्न उपस्थित केले त्यांतील पहिलाच प्रश्न सिद्धार्थाच्या परिव्रज्येचा आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्राने घर सोडले, हे परंपरेचे उत्तर बाबासाहेबांनी तर्काला पटत नाही म्हणून नाकारले. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नाही, हे कसे शक्य आहे? त्यांनी त्या जागी रोहिणी नदीचा तंटा ठेवला. शाक्य आणि कोलीय यांच्या सीमेवरून ती नदी वाहत होती. दोघेही तिच्या पाण्यावर शेती करीत. आधी पाणी कोणी घ्यायचे आणि किती घ्यायचे यावरून दोघांचे नोकर आपसात भिडले आणि प्रकरण युद्धापर्यंत गेले. शाक्य संघाच्या सभेत सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. दोन्ही पक्षांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्यांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना होती. बहुमताने ती फेटाळली गेली. कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती ही संकटे टाळण्यासाठी त्याने स्वतःहून परिव्रज्या पत्करली.

जरा थांबून हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. एकीकडे महालात सुरक्षित वाढलेला राजपुत्र, त्याला अचानक विनाशाचे दर्शन होते आणि तो हादरतो. दुसरीकडे पाण्याच्या वाटपाची सभा, तीत हरलेला एक सभासद. पर्यावरणाच्या चिंतेवर पाश्चात्त्य जगात जे विपुल लेखन होत आहे ते बव्हंशी पहिल्या प्रसंगाचे लेखन आहे. ते महालातील माणसाचे लेखन आहे. त्याच्या भिंती मजबूत होत्या, बाहेरचे काही आत येत नव्हते. आता धूर आत येऊ लागला, उन्हाळा आत येऊ लागला, आणि त्याची झोप उडाली. त्याचा हादरा खोटा नाही. पण ज्यांनी महाल कधी पाहिलाच नाही त्यांना हा हादरा बसत नाही, त्यांना वेगळेच काही वाटते. एका विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनात रोहिणीचे प्रकरण चालू असताना मी हवामानबदलाच्या चिंतेचा विषय काढला होता. मराठवाड्यातून आलेल्या एक वृद्ध उपासिका म्हणाल्या, "पाणी आटतंय हे आता कळलं व्हय त्यांना? आमच्या वाट्याला ते होतं कधी?" बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली होती.

परंपरेतील चार दृश्ये नाकारणारे बाबासाहेब एकटे नव्हते, हेही नोंदविले पाहिजे. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांनी आपल्या मराठी बुद्धचरित्रात गृहत्यागाचे कारण शोधताना सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताकडे लक्ष वेधले. हे सुत्त आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे, आणि मॅसींच्या चाहत्यांनी ते अवश्य वाचावे. त्यात बुद्ध स्वतःच्या संवेगाचे वर्णन करतात. संवेग म्हणजे मनाला बसलेला असा धक्का की जो माणसाला बसू देत नाही, उठवून चालावयास लावतो. हा धक्का कशाने बसला? अपुऱ्या पाण्यातील मासळीप्रमाणे माणसे तडफडत आहेत आणि तडफडताना एकमेकांवर उठली आहेत, हे पाहून. येथे दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. पाणी कमी झाले आहे, आणि कमी पाण्यात कोण कोणाला ढकलतो आहे. आजच्या पर्यावरणचिंतेला यांतील पहिली गोष्ट चांगली दिसते. दुसरी दिसली की तिचे रूप पालटते, कारण भय एकट्या निसर्गाविषयीचे राहत नाही, ते माणसांच्या परस्परवर्तनाविषयीचे होते. त्याच सुत्तात पुढे काळजात रुतलेल्या एका बाणाचा उल्लेख आहे. तो बाण उपटला की माणूस सैरावैरा धावतही नाही आणि बुडतही नाही.

बाणाची गोष्ट निघाली म्हणून एक विषयांतर करतो. मालुंक्यपुत्ताला दिलेल्या दृष्टान्तातील बाण आजकाल फार ठिकाणी वापरला जातो. बाण लागला असता तो कोणी मारला हे विचारत बसू नये, आधी तो काढावा, असे सांगून ध्यानशिबिरांतून सामाजिक प्रश्न विचारणाऱ्यांना गप्प केले जाते. मालुंक्यपुत्ताचे प्रश्न होते जग शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनन्त, जीव आणि शरीर एक की भिन्न. ते तत्त्वज्ञानाच्या हौसेचे प्रश्न होते. कारखान्याच्या टाकीची देखभाल कोणी थांबविली, ढग कोठे पाडायचे हे कोणी ठरविले, हे प्रश्न त्या यादीत नाहीत. ते बाण उपटण्याच्याच कामाचे भाग आहेत, कारण पुढचा बाण त्याच धनुष्यातून सुटणार आहे.

मॅसींच्या दोन उपक्रमांचा वेगळा विचार करणे भाग आहे. पहिला, १९८५ साली ऑस्ट्रेलियातील जॉन सीड यांच्यासह त्यांनी आरंभिलेली 'सर्व जीवांची परिषद'. शिबिरार्थी एखाद्या प्राण्याचा, नदीचा किंवा डोंगराचा मुखवटा करतात, तो चढवून वर्तुळात बसतात आणि त्या जीवाच्या वतीने बोलतात. माणसाचा अहंकार गळावा हा हेतू आहे. हेतूविषयी शंका नाही. मैत्री ही केवळ माणसापुरती नसते, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. वने लावणारा, पूल बांधणारा, पाण्याची सोय करणारा यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते असे संयुत्तनिकायात सांगितलेच आहे. तरीही हा मुखवट्यांचा विधी वाचताना मला महाडचे चवदार तळे आठवते. २० मार्च १९२७ पूर्वी त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, पक्षी पीत होते. केवळ काही माणसांना मनाई होती. मुंबई कायदेमंडळाचा १९२३चा ठराव आणि महाड नगरपालिकेचा १९२४चा ठराव हाती असूनही मनाई होती. ज्यांना पशूहून खाली लेखले गेले त्यांच्या वंशजांनी मुखवटा चढवून पशूच्या वतीने बोलावे, यात त्यांना कोणती मुक्ती मिळणार? त्यांचा पहिला झगडा माणूस म्हणून, स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या वतीने बोलता यावे यासाठी होता. अहंकार सोडण्याचा उपदेश ज्याला 'अहं' म्हणण्याची मुभा मिळाली त्यालाच करता येतो.

दुसरा उपक्रम अधिक विचार करावयास लावणारा आहे. अणुकचरा जमिनीत पुरून विसरून जाऊ नये, तो डोळ्यांसमोर ठेवावा आणि माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याची जागरूकपणे राखण करावी, अशी कल्पना त्यांनी मांडली. प्लुटोनियमचे अर्धे आयुष्य सुमारे २४,००० वर्षे आहे. एवढ्या दीर्घ काळासाठी राखणदारांना एखाद्या भिक्खुसंघासारखी शिस्त लागेल, असे त्यांना वाटे. आपण निर्माण केलेल्या घाणीकडे पाठ फिरवू नये, तिची जबाबदारी घ्यावी, ही वृत्ती थोर आहे, आणि भावी पिढ्यांचा एवढा दूरचा विचार फार थोड्यांनी केला आहे. पण भारतीय वाचकाने विचारलेच पाहिजे की हे राखणदार कोण असतील? मॅसींच्या मनात स्वेच्छेने येणारे, यात्रेकरूसारखे लोक होते. आपल्या देशात मात्र घाणीची पिढ्यान्‌पिढ्या राखण करणारे लोक अगोदरच ठरलेले आहेत. त्यांनाही शिस्त होती, त्यांच्या कामालाही धर्माचे वलय देण्यात आले होते, आणि ते काम त्यांनी केवळ जन्मामुळे केले. गटारात गुदमरून माणसे मरतात तेव्हा ती कोणत्या समाजातील असतात हे सांगावे लागत नाही. राखणदारीची पवित्र कल्पना या भूमीवर पडली की तिला जातीचे मूळ फुटण्यास वेळ लागणार नाही. मॅसींना हे सुचले नाही, याचा मी त्यांना दोष देत नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यास त्या भारतात आल्या तेव्हा नागपूरच्या धम्मदीक्षेला दहा वर्षेही झालेली नव्हती. पण त्यांची धम्माशी गाठ पडली ती हिमालयाच्या पायथ्याशी, तिबेटी निर्वासितांमध्ये. पुढे श्रीलंकेच्या सर्वोदय चळवळीचाही त्यांनी जवळून अभ्यास केला. त्यांच्या विचाराच्या आधारशिलांत पाली सुत्ते आहेत, प्रज्ञापारमिता आहे, तिबेटी परंपरा आहे, नागपूर नाही.

संकटाला तोंड देण्याची बाबासाहेबांची स्वतःची रीत काय होती? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदी या पूरग्रस्त नद्यांचे प्रश्न त्यांच्यापुढे आले. नोव्हेंबर १९४५मध्ये कटक येथील भाषणात त्यांनी पुराकडे पाहण्याची दृष्टीच बदलून दाखविली. जास्त पाणी हे संकट मानून ते समुद्रात घालविण्याचा विचार सोडा. माणसाला पाण्याच्या विपुलतेपेक्षा पाण्याच्या अभावाने अधिक सोसावे लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांनी शोक केला नाही, नियोजन केले. आता याला दुसरी बाजू आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. मोठ्या धरणांनी पुढे कितीतरी आदिवासींची गावे बुडविली, आणि ज्यांची गावे बुडाली त्यांच्या शोकासाठी त्या नियोजनात जागा नव्हती. तेथे मॅसींची आठवण येते. नियोजनकाराला रडणाऱ्या माणसाचे ऐकता आले असते तर नकाशे थोडे वेगळे झाले असते.

म्हणून मॅसींना बाजूस सारून आपण मोकळे झालो असे मला म्हणता येत नाही. आपल्यातही एक बधिरता आहे. 'पर्यावरण हा पोटभरल्यांचा विषय' हे वाक्य आपल्या सभांतून मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते आता विचार राहिलेले नाही, ढाल झाले आहे. कारी नॉरगार्ड यांनी नॉर्वेतील एका लहान गावाचा अभ्यास करून २०११ साली पुस्तक लिहिले. २०००-०१च्या हिवाळ्यात त्या गावी बर्फ उशिरा पडले, लोकांच्या नित्यक्रमात खंड पडला, कारण काय असावे हे सुशिक्षित गावकऱ्यांना ठाऊक होते. तरी त्यावर कोणी बोलेना. न बोलण्याचे अलिखित संकेत होते. खनिज तेलावर श्रीमंत झालेल्या देशात हे मौन सोयीचे होते. आपले मौन सोयीचे नाही, ते आपल्यालाच महाग पडणारे आहे. उन्हाचा पारा चढतो तेव्हा वीटभट्टीवर, उसाच्या फडात, रस्त्याच्या डांबरावर कोण असते? एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. ते आले तेव्हा रांगेत शेवटी कोण उभे राहिले असेल, याची कल्पना करण्यास आपल्याला कोणाच्या अहवालाची गरज नाही. मुकुल शर्मा यांनी २०१७च्या आपल्या ग्रंथात जात आणि निसर्ग यांच्या संबंधाचा जो मागोवा घेतला आहे त्यावरून एवढे तरी स्पष्ट होते की दलितांना निसर्गाविषयी बोलावयाचे नव्हते असे नाही. ते बोलले ते पर्यावरणाचे बोलणे म्हणून कोणी मोजले नाही, आणि आपणही मोजले नाही.

शिवाय आपली मुले बदलली आहेत. २०२१ साली 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात दहा देशांतील १६ ते २५ वर्षे वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्या दहा देशांत भारतही होता. ५९ टक्के तरुण हवामानबदलाने फार किंवा अत्यंत चिंतित होते, आणि ४५ टक्क्यांहून अधिकांनी या चिंतेचा आपल्या रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो असे सांगितले. मला त्यांतील दुसराच भाग महत्त्वाचा वाटला. ही चिंता आणि शासनाने आपला विश्वासघात केला ही भावना यांचा त्या संशोधकांना संबंध आढळला. म्हणजे मुलांना नुसते ऊन लागत नाही, आपल्याला उन्हात सोडून दिले आहे हेही त्यांना कळते. त्यांना श्वासावर लक्ष ठेवण्यास सांगून घरी पाठविणे हा अर्धा धम्म झाला. आणि 'आधी आपले प्रश्न सुटू देत' असे सांगून घरी पाठविणे हा तर धम्मच नव्हे.

मॅसींपासून घेण्यासारखे आहे ते त्यांचे वर्तुळ. माणसांनी एकत्र बसून भय आणि दुःख मोठ्याने बोलावे, आणि त्यावर लगेच तोडगा सांगण्याची घाई कोणी करू नये. हे आपल्याला अगदी परके नाही. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात तेव्हा तेथे काय होते ते पाहावे. लोक रांगेत तासन्‌तास उभे राहतात, काही जण रडतात, म्हाताऱ्या बायका अनोळखी माणसाला आपल्या गावची हकीकत सांगतात. आणि मग शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या दुकानांसमोर गर्दी होते. ज्याच्या पायात धड चप्पल नाही तो माणूस ग्रंथ विकत घेऊन पिशवीत ठेवतो. १९५६ सालचा शोक तेथे बसून राहिलेला नाही. कोणाही मानसशास्त्रज्ञाने त्याची पद्धत लिहून दिलेली नाही, तिचे टप्पे पाडलेले नाहीत.

मॅसींच्या चौथ्या टप्प्याला मी वर 'बाहेर पडणे' म्हटले. सिद्धार्थाच्या बाहेर पडण्याशी तो ताडून पाहिला पाहिजे. बाबासाहेबांच्या कथनात पुढे असे येते की परिव्राजक झालेल्या सिद्धार्थाला, शाक्य आणि कोलीय यांच्यात तह झाल्याची बातमी पाच परिव्राजक आणून सांगतात. युद्ध टळले. ज्या कारणासाठी घर सोडले ते कारणच उरले नाही. तो परत जाऊ शकला असता. तेव्हा तो विचार करतो की युद्ध हा एका मोठ्या प्रश्नाचा केवळ एक भाग आहे. राजे-राजे, घरातील माणसे आणि वर्ग-वर्ग यांच्यातील कलह चालूच आहे, आणि त्याचे उत्तर अजून सापडलेले नाही. मॅसींच्या शिबिरातून बाहेर पडणाऱ्या माणसाला मोकळे वाटते. सिद्धार्थाला ती बातमी ऐकून मोकळे वाटत नाही, त्याचा प्रश्न अधिकच मोठा होतो. रोहिणीचे पाणी वाटले गेले होते, आणि तो पुढे चालू लागला.